दहा जणांचा बंकर आणि चिखलीची नाव : एका वर्गातलं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात मी तर्कशास्त्र शिकवते. हा विषय घेणारी मुलं दरवर्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असतात. म्हणून दर शनिवारी दुपारी सगळ्या शाखांच्या मुलांसाठी एक अभ्यासगट चालवते. भौतिकशास्त्रवाले येतात, जीवशास्त्रवाले येतात, कॉमर्सची दोन-तीन मुलं नेमानं येतात. पुढचं सगळं याच गटात घडलं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नावं मुद्दाम दिलेली नाहीत. ज्या मुलीभोवती हे प्रकरण फिरतं तिनं आधी वाचलं, दोन वाक्यं दुरुस्त केली, आणि मग मी हे इथे लिहिते आहे.

त्या पावसाळ्यात आम्ही विचारप्रयोग, म्हणजे कल्पित परिस्थिती मांडून तिच्यातून विचार तपासणं, हा विषय घेतला होता. सुरुवात फिलिपा फूट यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या ट्रॉलीच्या कोड्यानं केली : न थांबवता येणारी ट्रॉली सरळ गेली तर पाच जण मरणार, दुसऱ्या रुळावर वळवली तर एक, मग वळवायची का? मग १८८४ चं इंग्लंडमधलं प्रकरण घेतलं : जहाज बुडालं, छोट्या होडीत चार खलाशी उरले, उपासमारीनं सगळे खंगले, आणि दोघांनी सतरा वर्षांच्या आजारी पोऱ्याला मारलं. उरलेले तिघे त्याच्या मांसावर जगले. न्यायालयानं त्या दोघांना खुनासाठी दोषी ठरवलं. फाशीची शिक्षा पुढे सहा महिन्यांच्या कैदेवर आली. मुलं या दोन्ही सत्रांत रंगली होती, म्हणून पुढच्या शनिवारी चित्रपट दाखवायचं ठरवलं.

चित्रपट होता जॉन हडल्स यांचा २०१३ चा ‘आफ्टर द डार्क’. जकार्तातल्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत तत्त्वज्ञानाचा शिक्षक शेवटच्या तासाला वीस विद्यार्थ्यांना एक खेळ खेळायला लावतो. अणुयुद्ध झालंय, एक बंकर आहे, त्यात दहा माणसं एक वर्ष जगू शकतात. प्रत्येकाला एक व्यवसाय मिळतो. शिक्षक स्वतः एकविसावा. आत कोण जाणार ते ठरवा. खेळाच्या तीन फेऱ्या होतात, आणि प्रत्येक फेरी पडद्यावर खरीच घडल्यासारखी दिसते.

मुलांना चित्रपट आवडला. ज्वालामुखी, देवळं, समुद्र, सगळं डोळ्यांत भरणारं आहे. मग मी तोच खेळ आमच्या वर्गात घ्यायचं ठरवलं. पहिला चुकीचा निर्णय हाच, पण तेव्हा तो अगदी साधा आणि बरोबर वाटला होता.

चिठ्ठ्या मी घरी बसून लिहिल्या. व्यवसाय आपल्या भागातले घेतले : डॉक्टर, गुळव्या, चपला बांधणारा कारागीर, फौंड्री कामगार, हुपरीचा चांदी कारागीर, पाणीपुरवठ्याचा व्हॉल्व्हमन, शाहीर, पैलवान, वकील, नर्स, वायरमन, ऊसवाला शेतकरी, असे. वीस भरेनात म्हणून शेवटच्या दोन चिठ्ठ्यांवर व्यवसायाऐवजी नुसतं माणूस लिहिलं. एकीवर ‘गरोदर बाई’ आणि दुसरीवर ‘म्हातारी, वय ७२, गुडघे धरलेले’. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या आणि डबा घेऊन वर्गावर गेले.

अडचण

जुलैचा शनिवार होता. बाहेर पाऊस कोसळत होता. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडल्याचा मेसेज सकाळपासून सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होता. ४३ फूट म्हणजे धोका पातळी. कोल्हापुरात पावसाळ्यात हे दोन आकडे पोरासोरांनाही पाठ असतात. वर्गात येताना मी ते ऐकलं होतं, पण डब्यातल्या चिठ्ठ्यांशी त्याचा काही संबंध असेल असं मनातही आलं नाही.

म्हातारीची चिठ्ठी पंचगंगेकाठच्या प्रयाग चिखली गावच्या मुलीला आली. दुसऱ्या वर्षाची, गटात फारशी न बोलणारी. मतदान सुरू झालं. डॉक्टर आत, नर्स आत, वायरमन आत, शेतकरी आत. प्रत्येकानं आपली चिठ्ठी वाचायची, स्वतःची बाजू मांडायची आणि बाकीच्यांनी हात वर करायचे, असा नियम होता. तिची पाळी आली तेव्हा ती उभी राहिली, चिठ्ठी वाचली, आणि बाजू मांडायच्या ऐवजी म्हणाली,

“मॅडम, एकोणीसच्या पुरात मी आठवीत होतो. आमच्या गल्लीत नाव आली. एका फेरीला आठ-धा माणसं. आमची आज्जी पहिल्या फेरीला गेली, कारण तिचं गुडघं धरल्यालं. बाळंतिणी, बारकी पोरं, आजारी, ही समदी पहिल्यांदा. माझा चुलता वायरमन हाय. त्यो शेवटाला आला. कोण काय काम करतंय ते कुणी इचारलंबी न्हाई.”

वर्ग गप्प झाला. मी म्हटलं, “बरोबर आहे तुझं, पण ती परिस्थिती वेगळी. इथं नाव परत येणार नाही. विचारप्रयोगात अटी मान्य करूनच पुढे जायचं असतं.”

ती म्हणाली, “पण परत येणार न्हाई हे कुणी ठरीवलं?”

मी म्हटलं, “प्रयोगानं.”

“बरं,” म्हणून ती खाली बसली. म्हातारीच्या बाजूनं दोन हात वर झाले, त्यातला एक तिचा स्वतःचा. चिठ्ठी तिनं घडी घालून वहीच्या पानाखाली सरकवली. तास संपल्यावर सगळ्यांसाठी चहा येतो. त्या दिवशी ती चहाला थांबली नाही. पुढच्या शनिवारी ती आली नाही, आणि तिच्याबरोबर एसटीनं येणाऱ्या आणखी दोघीही आल्या नाहीत.

मला दोन दिवस वाटत राहिलं की अडचण भावनेची आहे. पुरातून गेलेल्या मुलीच्या हातात ऐन पावसाळ्यात ‘७२ वर्षांची म्हातारी’ ठेवली, तिला दुखणारच. ते खरंच होतं, आणि त्याची जबाबदारी माझी. पण तिचं वाक्य मी मनात पुन्हा पुन्हा घोळवलं तेव्हा लक्षात आलं की तिनं तक्रार केलीच नव्हती. तिनं एक शुद्ध तार्किक प्रश्न विचारला होता. ‘परत येणार नाही हे कुणी ठरवलं’ म्हणजे, तुमच्या निष्कर्षाचा सगळा भार ज्या गृहीतकावर आहे ते गृहीतक आलं कुठून? तर्कशास्त्राच्या शिक्षिकेनं या प्रश्नाला ‘प्रयोगानं’ असं उत्तर दिलं होतं. तास चुकला होता तो इथे.

पर्याय

स्टाफरूममध्ये एका ज्येष्ठ सहकाऱ्यांशी बोलले. त्यांनी तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलंय, आणि त्यांचं मत स्पष्ट होतं. “मॅडम, विचारप्रयोगात पूर आणायचा नसतो. ट्रॉलीला ब्रेक नाही का, असं विचारणाऱ्या मुलाला आपण काय सांगतो? बाबा, प्रश्न टाळू नकोस. चिखलीच्या पोरीनं तेच केलं. तिची समजूत काढा, पण तिला बरोबर म्हणू नका. नाहीतर उद्या एकही विचारप्रयोग वर्गात टिकणार नाही.”

या म्हणण्यात दम आहे. विचारप्रयोग म्हणजे मुद्दाम अरुंद केलेली वाट असते. ती रुंद करून निसटणं ही पळवाटच. म्हणून त्यांचा सल्ला मी पहिला पर्याय म्हणून लिहून ठेवला : मुलीची वेगळी भेट घ्यायची, दिलगिरी व्यक्त करायची, आणि वर्गात प्रयोग आहे तसा पुढे चालवायचा.

दुसरा पर्याय सोपा होता. चित्रपट बाजूला ठेवायचा आणि पुढचा विषय घ्यायचा. आणखी दोन सहकाऱ्यांनी हेच सुचवलं. पण यात तिचा प्रश्न अनुत्तरितच राहिला असता, आणि वर्गानं तेवढंच लक्षात ठेवलं असतं की कुणी तरी रडवेलं झालं म्हणून मॅडमनी विषय बदलला. ती रडवेली झालीच नव्हती.

तिसरा पर्याय म्हणजे चित्रपटाचाच युक्तिवाद टेबलावर घेऊन उसवायचा. कोणती अट रास्त, कोणती अट निष्कर्ष आधीच खिशात घालून आलेली, हे मुलांनी शोधायचं. यात धोका सहकाऱ्यांनी सांगितलेलाच : मुलं प्रत्येक विचारप्रयोगाला ‘ब्रेक नाही का’ विचारायला लागतील. म्हणून हा पर्याय घ्यायचा तर आधी माझ्याकडे एक कसोटी हवी होती. ट्रॉलीचा ब्रेक आणि चिखलीची नाव यांत फरक काय?

दोन रात्री त्यात गेल्या. शेवटी जे सापडलं ते असं. ट्रॉलीच्या कोड्यात ब्रेक नाही, एवढंच सांगितलेलं असतं. त्या अटीतून पुढे काही सिद्ध केलं जात नाही. ती फक्त दोन पर्याय समोरासमोर आणते आणि बाजूला होते. चित्रपटात तसं नाही. ‘दहा जण, एक वर्ष’ ही अट सांगून झाल्यावर तिच्यातून ‘म्हणून माणसांची किंमत ठरवा’ असा निष्कर्ष काढला जातो, आणि मग कथा पुढे सरकून त्या निवडीचे परिणामही दाखवते. परिणाम दाखवायचे तर अटी कशा काम करतात हे सांगावं लागतं. अट मान्य करणं ही एक गोष्ट, अटीतून काढलेला निष्कर्ष मान्य करणं ही दुसरी. पहिलीला हो म्हणून दुसरीला आव्हान देणं ही पळवाट होत नाही.

मी तिसरा पर्याय निवडला.

केलेल्या गोष्टी

सगळ्यात आधी तिला भेटले. ग्रंथालयाच्या जिन्यात उभ्या उभ्याच बोलणं झालं. मी म्हटलं, “तुझा प्रश्न बरोबर होता आणि मी उत्तर चुकीचं दिलं. आणि ती चिठ्ठी मी लिहायला नको होती.” ती म्हणाली, “चिठ्ठीचं काय न्हाई मॅडम. आज्जी हाय अजून, ठणठणीत. पण तुम्ही समद्यांच्या समोर मला विषय कळाला न्हाई असं केल्यासारखं झालं.” मग मी शनिवारी सगळ्यांसमोरच हे बोलेन असं सांगितलं, आणि तसं केलं. ती त्या शनिवारी आली. मैत्रिणी त्याच्या पुढच्या आठवड्यात आल्या.

त्यानंतरचे तीन शनिवार चित्रपट उसवण्यात गेले. सगळ्यात जास्त वेळ घेतला आकड्यानं.

भौतिकशास्त्राच्या एका मुलानं फळ्यावर गुणाकार मांडला. दहा माणसं, ३६५ दिवस, म्हणजे ३६५० माणूस-दिवसांचा साठा. एकवीस जण आत घेतले तर तो साठा किती पुरेल? १७३ दिवस, जवळपास सहा महिने. मग त्यानं विचारलं, सहा महिने पुरेसे का नाहीत? अणुस्फोटानंतर खाली पडणाऱ्या किरणोत्सारी धुळीचा जोर फार वेगानं कमी होतो. साधारण ठोकताळा असा की वेळ सातपट झाली की किरणोत्सर्गाचा दर दहावा हिस्सा उरतो. स्फोटानंतर एका तासाला जो दर असेल, त्याचा सात तासांनी दहावा भाग, दोन दिवसांनी शंभरावा, आणि दोन आठवड्यांनी हजारावा. सगळ्यात घातक काळ पहिल्या काही दिवसांचा. म्हणजे वर्षाची अट किरणोत्सर्गासाठी असेल, तर एकवीसच्या एकवीस जणांना पंधरा दिवस किंवा महिनाभर आत ठेवून मग हळूहळू, आधी तासाभरासाठी आणि पुढे जास्त वेळ, बाहेर काढण्याचा मार्ग मोकळा राहतो. कुणालाही दाराबाहेर उभं करावं लागत नाही.

वर्गात टाळ्या पडल्या. मलाही क्षणभर वाटलं की प्रकरण मिटलं. त्या दिवशी मी ज्येष्ठ सहकाऱ्यांना मुद्दाम बोलावलं होतं. ते मागच्या बाकावरून म्हणाले, “आणि हवा? शिधा वाटून खाता येतो. हवा शुद्ध करणारं यंत्र दहा जणांपुरतंच असेल तर अकरावा माणूस आत आल्या दिवसापासून सगळेच गुदमरतील. तिथे तुझा गुणाकार चालणार नाही.”

पुढचा पाऊण तास जे झालं त्यासाठीच मी शिक्षिका झाले असं मला वाटतं. मुलांनी स्वतःहून दोन शब्द वेगळे केले : साठा आणि दर. शिधा, औषधं, डिझेल हा साठा. तो जास्त जणांत वाटला की लवकर संपतो, एवढंच. हवेचं यंत्र हा दर. तो एका वेळी किती जणांना पुरतो हाच प्रश्न असतो, साठवून ठेवणं हातात नसतं. कॉमर्सची एक मुलगी म्हणाली, दूधसंघाच्या टाकीत किती लिटर मावतं आणि शीतकरण तासाला किती लिटरचं होतं, हे दोन वेगळे आकडे असतात. अगदी बरोबर. चिखलीची मुलगी म्हणाली, “नाव म्हंजे दर. येका येळंला धा. पण दर असला की फेऱ्या घालता येत्यात.” बंकरमध्ये फेऱ्या घालता येतील का? पहिल्या दोन दिवसांत नाही, बाहेर मरण आहे. दोन आठवड्यांनी मात्र येतील. म्हणजे मर्यादा हवेची असेल तर खरा पेच पहिल्या काही दिवसांपुरता उरतो. तेवढा काळ एकवीस जण मंद श्वासानं, पडून राहून काढू शकतील का, यंत्राला थोडा जास्त ताण देता येईल का, हे प्रश्न अभियंत्याला विचारायचे आहेत. नीतिशास्त्राची पाळी त्यानंतर येते.

चित्रपट मर्यादा सांगतो, पण तिच्यावर हे प्रश्न विचारू देत नाही. ‘दहा’ हा आकडा खडकासारखा येतो आणि सगळी चर्चा कोण मरणार इथून सुरू होते. एकवीसही जणांना वाचवता येईल का हे आधी तपासायला हवं होतं. ते तपासून ‘नाही’ असं उत्तर आलं असतं तर निवडीचा पेच खरा ठरला असता. न तपासता तो पेच आपल्यावर लादला जातो. सहकाऱ्यांनी एवढं मान्य केलं. २०१९ मध्ये पंपिंग स्टेशनं पाण्याखाली गेली, शहर पुरानं वेढलेलं आणि नळाला पाणी नाही, तेव्हा टँकरपुढे घागरी घेऊन उभ्या राहिलेल्या बायकांनी साठा आणि दर यांचा हिशेब आमच्याआधी केला होता, असं मी वर्गात म्हणाले. त्या रांगेत मीही होते.

दुसरा मोठा दोष पहिल्या फेरीतला. शिक्षकाला स्वतःचं कौशल्य उघड करायचं नसतं. मुलं त्याला बाहेर ठेवतात. वर्षभरानं कळतं की बंकरचं दार आतून उघडायचा संकेतांक त्यालाच माहीत होता. सगळे आत अडकून मरतात, आणि मुलांचा निर्णय चुकला असं प्रेक्षकांच्या मनावर ठसतं.

पण तो निर्णय चुकीचा कसा? निर्णय योग्य की अयोग्य हे, तो घेताना हाताशी जी माहिती होती तिच्यावर ठरतं. नंतर उघड झालेली गोष्ट मागे नेऊन निर्णयाला जोडणं हा अन्याय आहे. मुलांकडून चूक झालीच असेल तर ती एवढीच की ‘या दाराचं काय, उघडतं कसं’ हा प्रश्न त्यांनी आधी विचारला नाही. तो त्यांनी विचारायला हवा होता.

हे सगळं मी समजावत असताना भौतिकशास्त्राचाच तो मुलगा उठला. “मॅडम, मग आपण त्या १८८४ च्या खलाशांवर अन्याय केला की.” काही आठवड्यांपूर्वी मीच वर्गात म्हटलं होतं की पोऱ्याला मारल्यावर चार-पाच दिवसांत त्यांना जहाज दिसलं, थोडं थांबले असते तर कदाचित चौघेही वाचले असते. आता तो विचारत होता, जहाज येणार हे त्यांना कुठे माहीत होतं? त्यांना दोषी धरायचं तर दुसऱ्या कारणानं धरा. मला तिथल्या तिथे मान्य करावं लागलं. तेव्हाचं माझं वाक्य आणि चित्रपटाची पहिली फेरी, दोन्हींत दोष एकच होता.

तिसरी गोष्ट ‘उपयुक्त’ या शब्दाची. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या तर्कपरंपरेत, छलाचा (बोलणाऱ्याचा अर्थ मुद्दाम फिरवण्याचा) एक प्रकार वाक्छल म्हणून येतो. ‘नवकंबल’ म्हणजे नवी घोंगडी असलेला, असं एकजण म्हणतो. दुसरा ‘नव’चा अर्थ नऊ असा घेतो आणि विचारतो, याच्याजवळ नऊ घोंगड्या कुठायत? चित्रपटात ‘उपयुक्त’ शब्दाचं असंच होतं. बंकरमधल्या वर्षभरासाठी उपयुक्त कोण आणि बाहेर आल्यावर नवं जग उभं करायला उपयुक्त कोण, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वर्षभर बंद खोलीत डोकं शांत ठेवणारा माणूस लागतो. शेतकऱ्याला तिथं पेरायला जमीनच नाही. आमच्या वर्गातल्या मतदानातही हीच गल्लत झाली होती. शेतकऱ्याला आत घेताना सगळे पुढच्या वर्षाचा विचार करत होते आणि वायरमनला आत घेताना त्याच वर्षाचा. म्हातारीला बाहेर काढताना मात्र दोन्ही मापं एकदम लावली.

जीवशास्त्राच्या मुलीनं त्यात भर घातली. मानवजात वाचवणं हेच ध्येय असेल तर दहा माणसं पुरतात का? १९८० मध्ये इयान फ्रँकलिन यांनी एक ठोकताळा मांडला : जवळच्या नात्यांतल्या संकराचे दुष्परिणाम काही पिढ्या टाळायचे तर निदान पन्नास प्रजननक्षम जीव लागतात, आणि लांब पल्ल्यासाठी पाचशे. दहाही नाहीत, वीसही नाहीत. बाहेर आणखी माणसं जिवंत असतील तर मानवजात या दहांवर अवलंबून नाही. नसतील तर या दहांच्या हातून ती वाचण्याची आशा फार क्षीण. दोन्हींत ‘मानवजातीसाठी’ हे कारण सांगून अकराव्याला बाहेर काढता येत नाही. वाचायचंय ते माणसांनी, माणसं म्हणून, आणि मग गुडघे धरलेली म्हातारीही त्यात आली.

तिसऱ्या फेरीचा दोष मुलांनी पटकन पकडला. तिथे सूत्रं एका विद्यार्थिनीकडे जातात. ती व्यवहारी उपयोगाची माणसं बाजूला ठेवून कलावंत निवडते, आणि ते वर्ष आनंदात जातं. प्रेक्षकाला वाटतं, बघा, कलेनं तारलं. पण आनंदात गेलं कारण गोष्ट तीच सांगते आहे. सांगणारीनं म्हटलं म्हणून ते आनंदी. न्यायशास्त्रात याला साध्यसम म्हणतात : जे सिद्ध करायचं त्याइतकाच असिद्ध हेतू पुढे करणं. शिक्षकाच्या फेऱ्यांनाही तोच दोष लागू आहे. त्यात माणसं मरतात कारण त्याला ती मेलेली हवी आहेत.

एका मुद्द्यावर वर्ग घसरत होता तो वेळीच सावरला. शेवटी कळतं की शिक्षकाचे त्या विद्यार्थिनीशी संबंध होते आणि तिच्या मित्राबद्दल त्याच्या मनात मत्सर होता. बरीच मुलं म्हणाली, मग तो सांगत होता ते सगळंच खोटं. तसं म्हणता येत नाही. हेतू वाईट म्हणून युक्तिवाद आपोआप खोटा ठरत नाही. युक्तिवाद त्याच्या स्वतःच्या पायांवर तपासावा लागतो, आणि तो तसाही पडतोच. हेतूवरून एवढंच कळतं की खेळाचे नियम ज्याच्या हातात आणि खेळाडूही तोच, अशा माणसाच्या अटी दुप्पट सावधपणे वाचाव्यात. हे बोलताना मला टेबलावरचा बिस्किटांचा डबा दिसत होता. त्यातल्या वीस चिठ्ठ्या मी एकटीनं लिहिल्या होत्या. कुणाला ‘डॉक्टर’ आणि कुणाला ‘वय ७२’ म्हणायचं, हे मी ठरवलं होतं.

निष्पत्ती

सत्राअखेर मी मुलांना एक नवा विचारप्रयोग दिला आणि प्रत्येक अटीपुढे ‘मान्य’ किंवा ‘तपासा’ लिहायला सांगितलं, कारणासह. सहकाऱ्यांची भीती पूर्ण खरी ठरली नाही, पण पूर्ण खोटीही नाही. बहुतेकांनी फरक नीट धरला. चार जणांनी मात्र सगळ्याच अटींपुढे ‘तपासा’ लिहिलं, अगदी ट्रॉलीच्या ब्रेकसकट. त्यांच्यासाठी वेगळा तास घ्यावा लागला.

चिखलीच्या मुलीनं दीड पान लिहून दिलं. पुराच्या त्या दिवसाचा क्रम तिनं आठवून मांडला होता. नाव किती वेळा आली, कुणाला कुणी उचलून चढवलं, सोनतळीला पोचल्यावर कोण कुठे झोपलं. पण तिनं एक गोष्ट लिहिली जी मी अपेक्षिली नव्हती. शेवटच्या फेरीआधी अंधार पडायला लागला आणि आता नाव येते की नाही अशी शंका आली, तेव्हा मागं राहिलेल्यांत भांडण झालं होतं. चुलत्यानं घरी कधी सांगितलं नाही, तिला पुढे मामाकडून कळलं. ‘म्हंजे नाव परत येणार न्हाई असं वाटलं की आमच्यातबी तुमच्या सिनेमावानीच झालं असतं’, असं तिनं लिहिलं होतं. वर्गात मी तिच्या गावाचं उदाहरण चित्रपटाला उत्तर म्हणून वापरत होते. तिनं ते उत्तर माझ्यापेक्षा प्रामाणिकपणे तपासलं होतं.

तिसऱ्या फेरीवरून वाद अजून संपलेला नाही. ज्याला शाहिराची चिठ्ठी आली होती तो मुलगा म्हणतो, युक्तिवाद साध्यसम असेल, पण पुराच्या छावणीत रात्री कुणी तरी गाणं म्हटलं नसतं तर माणसं कशी राहिली असती? चित्रपटातून हे सिद्ध होत नाही, हे त्याला मान्य आहे. त्याचं म्हणणं एवढंच की ते खरं आहे. मलाही ते खरं वाटतं. सिद्ध कसं करायचं ते मात्र त्याला अजून सापडलेलं नाही, आणि मलाही नाही.

पुन्हा करायचं झालं तर

खेळ आणि चित्रपट एकाच आठवड्यात घेणार नाही. आधी चित्रपटाच्या अटी फळ्यावर मांडायच्या, प्रत्येकीला ती साठ्याची की दराची हे विचारायचं, आणि मगच कुणाला निवडायची वेळ आणायची. सहकाऱ्यांचा ट्रॉलीचा मुद्दा पहिल्याच तासाला घेईन, म्हणजे ती चार मुलं भरकटणार नाहीत.

चिठ्ठ्या मुलांनी लिहायच्या, मी नाही. त्यावर व्यवसाय असेल तर वयही असेल आणि घरी कोण आहे तेही असेल, सगळ्यांच्याच चिठ्ठीवर. नुसत्या म्हातारपणाची चिठ्ठी असणार नाही.

कुणी अटीवर प्रश्न विचारला की ‘प्रयोगानं ठरवलं’ हे उत्तर द्यायचं नाही. विचारणाऱ्यालाच फळ्यापाशी बोलवायचं आणि ती अट निष्कर्षाचा किती भार उचलते हे त्याच्याकडून मांडून घ्यायचं. त्या दिवशी मी असं केलं असतं तर तीन आठवड्यांचं काम एका तासात सुरू झालं असतं, आणि एक मुलगी चहा न पिता घरी गेली नसती.

हे सत्र आता जानेवारीत हलवलं आहे. पुढेमागे ते पावसाळ्यातच घ्यावं लागलं, तर राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या वर पाणी असलेल्या आठवड्यात ते घ्यायचं नाही, अशी नोंद वेळापत्रकाच्या कागदावर पेनानं करून ठेवली आहे.